शेवटचे पाच धवळे

दीपेशच्या पिशवीत काय नव्हतं ते विचारा. लहानमोठे नऊ स्क्रूड्रायव्हर, त्यातला एक टोकाला चुंबक असलेला. तारेची टोकं बसवायची पक्कड, तार कुठे तुटली ते दिव्यांनी सांगणारी डबी, धूळ उडवायचा रबरी फुगा, स्पिरिटची बाटली, कापूस, आणि दोन टूथब्रश, जे दातांना कधी लागले नव्हते. पत्र्याच्या डब्यात फ्लॉप्या: ही झोपलेलं मशीन उठवणारी, ही व्हायरस झाडणारी, ही विसरलेला पासवर्ड पुसणारी. सीडींचं पाकीट वेगळं. आणि सगळ्याच्या तळाशी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक जाड वही. कल्याणच्या सायबर कॅफेत बसून, जगभरच्या कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांनी एकमेकांसाठी लिहून ठेवलेलं त्यानं छापून आणलेलं, डिंकानं चिकटवलेलं, समासात मराठीत उकललेलं. कुठल्या दुखण्याला कुठलं साधन लावायचं, ते कुठून उतरवायचं, अडलंच तर कुणाला ईमेल टाकायची. वहीच्या पुठ्ठ्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं: कामाची साधने.

मुरबाडला बाजाराच्या मागे रानवेल नावाची एक लहानशी संस्था होती. गावोगावची गाणी, औषधी पाल्याची नावं, म्हाताऱ्यांच्या आठवणी गोळा करायची. पाच कॉम्प्युटर, आणि कोपऱ्यात एक मोठा, ज्यात सगळं साठायचं. दीपेशच्या नेमणुकीच्या कागदावर सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर असं लिहिलेलं. त्याच्या बापानं, कोंडूनं, शहापुराकडच्या आपल्या गावात तो कागद चार जणांना दाखवला आणि कुणी विचारलं की सांगायचा, पोरगा मशिनी राखतो. शेत राखतात तसं. संस्थेत झाडलोट करणारी बाईजा त्याला वैदू म्हणायची. तो पिशवी घेऊन शिरला की ती हात पुढे करून नाडी बघायला सांगायची.

पण वैदूच्या हाताला गुण होता, हे खरं. शाळेचा कॉम्प्युटर बसला, डेअरीचा प्रिंटर रुसला, की माणूस यायचं ते दीपेशकडे. तो पिशवी उघडायचा, वहीचं पान काढायचा, आणि तासाभरात पडद्यावर उजेड यायचा. इतक्या वेळा आला की आपल्याकडे साधन आहे म्हणजे इलाज आहे असं त्याला वाटायला लागलं. आणि ते वाटणं त्याला बरं वाटायचं.

सकुबाई उंबरपाड्याची धवळेरी. त्या अंगाला लग्न भटजी लावतो ते नंतरचं. आधी धवळेरी मांडवात बसते, एकेका विधीला एकेक धवळा म्हणते, आणि तो म्हटला गेला नाही तर तो विधी झाला असं जुनी माणसं धरत नाहीत. सकुबाईकडे एक्केचाळीस धवळे होते, सासूकडून आलेले. त्यातले छत्तीस तिनं सुनेला, रंगूला, मांडवामांडवांत शेजारी बसवून दिले होते. शेवटचे पाच नाही. लेक मांडवातून निघते तेव्हाचे ते पाच; रडारडीत ते शेजारी बसलेलीलाही धड ऐकू येत नसत. धवळेरी ज्या दिवशी ते दुसरीच्या ओठात घालते, त्या दिवसापासून तिनं स्वतः गाणं सोडायचं असतं. सकुबाई म्हणायची, अजून घसा हाय, अजून नाय देत.

दोन हजार तीनच्या माघात संस्थेच्या मॅडम तिला जीपमधून घेऊन आल्या. ध्वनिमुद्रण करायचं होतं. सकुबाईनं आधी मशीन नीट बघून घेतलं. भोवती फिरली, मागच्या तारा मोजल्या, मग दीपेशला जवळ बोलावलं.

"हा शिकून मंग माझ्या माघारी गाईल का रं?"

"नाही, आजी. तुमचंच तुम्हाला ऐकवेल. स्वतःचं नाही गाणार."

"मंग ह्याला दिल्यानं माझं सुटत नाय," ती म्हणाली, आणि तिचं तिनं ठरवलं: एक्केचाळीसच्या एक्केचाळीस ती मशीनला देणार.

पण मांडवाशिवाय धवळा तोंडातून काढायचा नसतो. तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत मांडव घालावा लागला. चार बांबू, आंब्याचे टाळे, उंबराची डहाळी. पंखा बंद, खिडक्या बंद, मायक्रोफोनला हळदकुंकू. मांडव झाला, आता नवरानवरी कुठे? सकुबाईनं दीपेशकडे बोट केलं, ह्याला बसवा, ह्याचं बी वय चाललंय. बाईजा म्हणाली, नवरी ती टीव्ही का गो, लय उजळ हाय. खोलीभर हसू पिकलं आणि दीपेशचे कान तापले. तेवढ्यात सकुबाईला टेबलावर दोन कोऱ्या सीडी दिसल्या. ह्या कशाला? त्यानं सांगितलं, गाणी मोठ्या मशीनमध्ये राहतील, पण त्याचा भरवसा नको म्हणून या दोघींवरही उतरवायची. एक खराब झाली तर दुसरी.

"दोगं हायत ते बरं," ती म्हणाली. "येकट्यानं कुनी ऱ्हाऊ नये." आणि तिनं पाट मागवला, तांदळाची मूठ पसरली, आणि त्या दोन चकत्या शेजारी शेजारी मांडल्या. हा नवरा, ही नवरी.

मग ती गायली. दोन दिवस गायली. सुरुवातीचा धवळा दीपेशच्या कानात पुढे कित्येक महिने राहिला:

*आली गो धवळेरी, मांडा तिला पाट,*
*उंबराच्या पानावरून चांदन्याची वाट…*

हेडफोन कानाला लावून तो पडद्यावरची हिरवी रेघ बघत होता. आवाज चढला की रेघ भाताच्या लोंबीसारखी भरायची, उतरला की वाकायची. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दोन्ही सीडी भरल्या आणि त्यातली एक लावून दाखवली. सकुबाईनं आपलाच आवाज पुढून येताना ऐकला. डोळे मिटले. मग तेलात कालवलेल्या हळदीची वाटी उचलली, पाची बोटं बुडवली आणि नवऱ्याला लावली, नवरीला लावली. चकाकत्या अंगाला लावली, कारण तोंड दिसतं ते त्याच अंगात, तेव्हा तेच त्यांचं तोंड.

दीपेशचा हात अर्धा पुढे गेला आणि थांबला. काय म्हणणार होता तो? वहीच्या बाराव्या पानावर लिहिलं होतं की सीडीच्या चकाकत्या बाजूला बोट लावू नका. ते पान लिहिणाऱ्यानं मांडव पाहिला नव्हता. मांडवातली बाई हळद लावत असताना तिचा हात कुणी धरतं का?

ती गेल्यावर त्यानं रुमालानं हळद पुसली, गोल गोल, ताट पुसतात तशी. दोन्ही लावून पाहिल्या, दोन्ही वाजल्या. नव्या दोन भरायला वीस मिनिटं लागली असती, हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण या दोघांवर अक्षता पडल्या होत्या. त्यांना बाजूला सारून दुसरी जोडी आणून बसवायची हे त्याच्यानं झालं नाही. पाकिटात घालून त्यानं त्या पत्र्याच्या कपाटात ठेवल्या. वरती पत्र्याचंच छप्पर.

दोन उन्हाळे गेले.

दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत सकुबाईच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणं गेलं. उरला तो एक लांब, न तुटणारा आ. एप्रिलमध्ये रंगू संस्थेत आली, उन्हातून चालत, डोक्यावर पदर. पाड्यातल्या नवशाच्या लेकीचं, हिरीचं, लग्न ठरलं होतं, वैशाखात. धवळेरी म्हणून पहिल्यांदा रंगू बसणार होती. छत्तीस तिला येत होते. पाच सकुबाईच्या बंद तोंडात होते, आणि या खोलीत होते. रंगूनं सांगितलं की सासूला तिनं विचारलं, मशीनीतनं घेऊ का? सासूनं डावा हात उचलून मुरबाडच्या रस्त्याकडं दाखवला. म्हणजे दिले. म्हणजे तिनं गाणं सोडलं.

दीपेशनं मशीनकडे पाहिलं. वीज नव्हती. त्या उन्हाळ्यात सकाळी जायची ती कधी येईल याचा नेम नसायचा, आणि बॅटरीवर चालणारं यंत्र दहा मिनिटांत मान टाकायचं. रंगू चारपर्यंत बसून राहिली, बाईजानं तिला चहा दिला, दोघी नवशाच्या व्याह्यांबद्दल बोलल्या. चारच्या जीपशिवाय दुसरी जीप नव्हती. तो म्हणाला, मंगळवारी या वहिनी, पाची गाणी कॅसेटवर भरून ठेवतो, घरी नेऊन ऐका. ती उठली. जाताना मशीनला हात जोडून गेली.

रविवारी वीज आली ती दणका देऊन आली. सोमवारी सकाळी दीपेशनं मोठा कॉम्प्युटर चालू केला, तर आतून टक, टक, टक. थांबायचं, पुन्हा टक, टक, टक. बंद दारावर कुणी चुळबुळत वाजवावं तसं.

तो घाबरला नाही. दोन सीडी होत्याच. कपाट उघडलं, पाकीट काढलं. उजेडात धरल्या तर दोघांच्याही काठाला पिवळसर धुकं. बोटं काठाला धरून हळद लागली होती, आणि त्यानं पुसताना ती काठावरच गोल फिरवली होती. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, मधल्या भोकाकडून काठाकडे. म्हणजे पहिली गाणी आत, शेवटची काठावर. नवऱ्याची सीडी छत्तीस गाणी वाजली आणि अडली. नवरीचीही छत्तीस वाजली आणि अडली. जे रंगूला येत होतं तेवढं सगळं, अक्षर न अक्षर, परत मिळालं.

तेव्हा त्यानं पिशवी ओतली.

स्पिरिट, कापूस, आतून बाहेर, सरळ रेषेत, वहीत सांगितलंय तसं, आता. मग सीडी सावकाश वाचणारं साधन, मग अडलेल्या जागेवर शंभर वेळा परत जाणारं साधन. साधनं चोख होती. कुठल्या ठिकाणी अडलं, किती भाग गेला, सगळं आकड्यांत सांगत होती. फक्त देत काही नव्हती.

संध्याकाळी त्यानं वहीच्या शेवटच्या पानावरच्या पत्त्यावर ईमेल टाकली, जिथं जगातले मशीन राखणारे एकमेकांना विचारतात. मोडक्या इंग्रजीत लिहिलं की पाच गाणी आहेत, दुसरीकडे कुठेही नाहीत, एक लग्न आहे. सकाळपर्यंत चौदा उत्तरं. नऊ जणांनी विचारलं होतं, बॅकअप नाही का? एकानं लिहिलं, तिसरी प्रत नेहमी दुसऱ्या गावी ठेवावी. ते दीपेशनंच दोन वर्षांपूर्वी समासात लाल शाईनं लिहिलेलं होतं. एकानं टूथपेस्टनं सीडी घासायला सांगितलं. कुठल्याशा थंड देशातल्या एका बाईनं मात्र तीन वेळा लिहिलं, एकेक पायरी समजावून. मशीनमधली टकटकणारी हार्ड डिस्क प्लास्टिकमध्ये बांधून बर्फाच्या पेटीत ठेव, गार असताना काही मिनिटं चालते कधी कधी. शेवटी तिनं लिहिलं होतं, तुमच्या गाण्यांसाठी मला वाईट वाटतंय.

टूथपेस्टनं नवरीची सीडी घासली. सदतिसाव्या धवळ्याचे अकरा सेकंद आले:

*सोड गो माये, पदराची गाठ,*
*नदीच्या पल्याड…*

आणि पुढे वाळलेला पाला तुडवल्यासारखा आवाज. नवऱ्याची घासली. त्या सीडीवर जे वाजत होतं तेही गेलं.

मोठ्या कॉम्प्युटरमधली डिस्क काढून तो देवरामच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात गेला. तीन पिशव्यांत गुंडाळून, दोरीनं बांधून, कुल्फीच्या साच्यांच्या मध्ये ठेवायला दिली. देवरामनं विचारलं, हिला काय उन्हाळा लागला? दुकानातली माणसं हसली. दीपेशही हसला, कारण न हसता उभं राहता येईना. दुसऱ्या दिवशी वीज आल्याबरोबर त्यानं ती बाहेर काढली, पळत आणली, जोडली.

टकटक झाली नाही. डिस्क फिरली. गार धातूवर दव धरत होतं आणि पडद्यावर रानवेलचे सगळे कप्पे उघडत गेले. त्या क्षणी दीपेशच्या हाताला सवय होती तेच त्यानं केलं. वहीतल्या तिसाव्या पानाची पहिली पायरी: आधी सर्व नावांची यादी काढून घ्या, नंतर उतरवायला सुरुवात करा. त्यानं यादी काढायला लावली. हजारो नावं होती, दोन वर्षांची. ओळीमागून ओळ. सहा मिनिटं गेली. यादी पूर्ण झाली, त्यानं सदतिसाव्या धवळ्यावर बोट ठेवलं, आणि आतून आलं टक.

यादी मिळाली. नाव, तारीख, आकार. पाचही धवळे त्यात होते, एकाखाली एक.

त्यानं ती आणखी तीनदा गार केली. चौथ्यांदा टकटकही आली नाही, नुसती कुरकुर आली, जात्यात खडा सापडावा तशी. मॅडमनी मग ती मुंबईला धाडली, असल्या मोडक्या डिस्का उघडणाऱ्यांकडे. आठ दिवसांनी परत आली, सोबत एक कागद. आतल्या तबकड्यांवर चरे पडले आहेत, माहिती मिळणे शक्य नाही. खाली बारीक अक्षरात कारण: बिघाड झाल्यावर वारंवार चालू केल्यामुळे आणि ओलाव्यामुळे. दीपेशनं तो कागद दोनदा वाचला. टेबलावर पिशवीतलं सगळं अजून पसरलेलं होतं. बाईजा झाडायला आली, त्याचा चेहरा पाहिला, आणि आज वैदू म्हणाली नाही. पाय बाजूला घ्यायलाही सांगितलं नाही. त्याच्याभोवतीनं झाडून गेली.

मंगळवार होऊन तीन मंगळवार झाले होते. दर वेळी रंगू येऊन गेली होती, आणि दर वेळी त्यानं अजून एक साधन राहिलंय असं सांगितलं होतं.

शेवटी तोच उंबरपाड्याला गेला. सकुबाई ओटीवर गोधडीवर पडलेली. त्यानं एक छोटा टेप नेला होता, त्यावर ते अकरा सेकंद. कुणी सांगावं, सुरुवात ऐकून पुढचं तिच्या तोंडून निसटेल. वहीत असलं काही नव्हतं. हे त्याचं त्यालाच सुचलं होतं. आवाज सुरू झाला, *सोड गो माये*, आणि सकुबाईचे डोळे उघडले. पदराची गाठ. नदीच्या पल्याड. पाला तुडवला गेला, टेप थांबला, आणि तिनं तोंड उघडलं. त्यातून आ आला. लांब आ, त्यात काही चढत होतं, काही उतरत होतं, कदाचित तोच होता अख्खा धवळा, चालीसकट, सगळ्या कडव्यांसकट, फक्त शब्दांशिवाय. रंगू तिच्या ओठांजवळ कान नेऊन बसली होती. बराच वेळ बसली. मग मागे सरकली आणि सासूच्या ओठांच्या कोपऱ्यातली लाळ पदरानं पुसली.

सकुबाईनं डाव्या हातानं टेप ढकलून दिला.

अंगणात आल्यावर दीपेशनं सांगितलं. जे खरं होतं ते सगळं सांगितलं, हळदीचं सोडून. मग तेही सांगितलं. रंगू उन्हाकडे बघत ऐकत होती.

"भाऊ, तुमच्याकडं येवढी हत्यारं हायत," ती म्हणाली. "मी पायलीत ना. येकाचा बी उपेग नाय?"

"नाही, वहिनी."

"मंग ती कशाला घेऊन फिरता?"

हे तिनं टोचून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. दीपेशनं खिशातून यादी काढली, निदान काहीतरी तिच्या हातात द्यावं म्हणून. सांगितलं की नावं आहेत आणि प्रत्येक गाण्याचा आकार आहे; आकारावरून गाणं किती लांब ते काढता येतं. पहिलं तीन मिनिटं अकरा सेकंद. दुसरं चार मिनिटं. पुढचं अडीच. मग पाच मिनिटं चार सेकंद. शेवटचं एक मिनिट पन्नास.

शेजारणींनी रंगूला सांगून ठेवलं होतं की दोन ओळी जोडून दे, कुनाला कळतंय. नवशाही म्हणाला होता, वेळ भागव. पुढच्या अंगाला एक धवळेरी होती, तिची चाल वेगळी, देव वेगळे; तिचे पाच उसने घ्यावेत तर ते उंबरपाड्याच्या लेकीला लागू होत नाहीत. रंगूनं यादीचा कागद उलटा-सुलटा केला. तिला वाचता येत नव्हतं.

"मी खोटं नाय लावनार," ती म्हणाली. "हिरीला आमी पोटाशी धरून वाढवलंय. खोटं नाय. त्येवढा वेळ मी गप ऱ्हाईन. तुमी घड्याळ घेऊन म्होरं बसा. येकेक सरला की हात वर करा, म्हंजे मला कळंल."

"वहिनी, मी..."

"तुमालाच ठावं हाय ना किती ते. दुसऱ्या कुनाला ठावं हाय?"

लग्नाच्या दिवशी तो लवकर गेला. पिशवी नेली नाही. मनगटी घड्याळ आणि कागद. मांडवात खांबाजवळ, रंगूच्या समोर, त्याला जागा दिली. लोकांना वाटलं संस्थेचा साहेब शूटिंगला आलाय, कॅमेरा कुठे आहे म्हणून विचारत होते. सकुबाईला खाटेसकट उचलून आणून बायकांच्या मागे ठेवलं होतं. वराकडचे खर्डीच्या बाजूचे, सोबत शहापूरची बेंजो पार्टी, दोन मोठाले स्पीकर छोट्या टेम्पोवर. नवरा घामानं निथळत होता.

रंगू पहिल्यांदा बसत होती, पण तिचा आवाज सासूपेक्षा खालचा आणि भरीव होता. एकेक विधी, एकेक धवळा. हळद झाली, तेलवण झालं, गाठ बांधली गेली. बायका मागे ओढत होत्या. दीपेशला पुढचा शब्द आधी आठवत होता, गेल्या महिन्यात नवरीच्या सीडीवर पुन्हा पुन्हा ऐकलेलं सगळं. तो मनात तिच्याबरोबर चालत होता, आणि एकेक संपला की मोजत होता. चौतीस. पस्तीस. छत्तिसावा संपला. हिरी उभी राहिली, आईच्या गळ्यात पडायला.

रंगू गप्प झाली.

दीपेशनं घड्याळ पाहिलं.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. बायकांना वाटलं श्वास घेतेय. एकीनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, रंगूनं मान हलवली. अर्धं मिनिट. हिरी आईच्या खांद्यावरून रंगूकडे बघत होती, तिला माहीत होतं इथे काहीतरी असायला हवं. पाऊण मिनिट. मागून कुणीतरी विचारलं, विसरली का गो? दुसरी म्हणाली, चाल लाव, आमी ओढतो. रंगूच्या मानेची शीर उभी राहिली होती. ती दीपेशकडे बघत होती, त्याच्या मांडीवरच्या हाताकडे.

सव्वा मिनिटाला वराकडचा एक मामा उठला. धवळे सरले वाटतं, तो म्हणाला, चांगल्या मनानंच म्हणाला, उन्हं कलायच्या आत घाट धरायचा होता. त्यानं टेम्पोकडे हात केला. बेंजो सुरू झाला.

सगळा मांडव एकदम उठला. खुर्च्या सरकल्या, पोरं नाचायला पुढे धावली, नवशा डोळे पुसत जीपच्या दाराकडे चालला. दीपेश उठला नाही. त्याला ओरडायचं होतं, थांबा, अजून दीड मिनिट आहे. काय सांगणार होता? की इथे एक गाणं चाललंय? बायकांच्या मागून सकुबाईचा आ येत होता की बेंजोचाच सूर होता, ते त्याला ओळखता येईना.

तीन मिनिटं अकरा सेकंद झाले. त्यानं हात वर केला. लोकांच्या कमरांमधून रंगूला तो दिसला, आणि तिनं मान किंचित हलवली, आणि दुसऱ्यासाठी गप्प राहिली. चार मिनिटं. हिरीला बाहेर नेलं. तिनं दारात मागे वळून पाहिलं, पण कोणीतरी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला जीपमध्ये वाकवलं. त्यानं पुन्हा हात वर केला. तिसऱ्याचं एक मिनिट झालं होतं तेव्हा जीपचं दार लागलं, स्पीकरचा टेम्पो पुढे निघाला आणि सगळा गाव धुळीत त्याच्यामागे.

मांडवात माणसं उरली नव्हती म्हणावीत अशी. तांदूळ, पत्रावळी, तांब्या. रंगू पाटावर तशीच, पाठ सरळ. दीपेश खांबाला टेकून, डोळे काट्यावर. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं, पण तिची नजर त्याच्या हातावरून हललेली नाही हे कळत होतं. अडीच मिनिटं झाली, त्यानं हात वर केला. पुढचं सगळ्यात लांब होतं, पाच मिनिटं चार सेकंद, आणि सेकंदकाटा नुकता बारावरून पुढे सरकला होता.